दस्तरखान : डार्क चॉकलेट आणि स्ट्रॉबेरीचा थरांचा केक



केकविषयी आपल्याकडून येणाऱ्या पत्रांत कृती कमी आणि प्रश्न जास्त असतात. मुलांच्या पार्टीत ठेवलेला केक खाऊ द्यावा का? क्रीममध्ये काय असतं? इसेन्समध्ये अल्कोहोल असतं म्हणतात, ते खरं का? घरात शीरखुर्मा, फिरनी, खीर करताना असे प्रश्न पडत नाहीत, कारण त्यात काय घातलं हे आपल्या हाताला ठाऊक असतं. केक मात्र बहुतेक घरांत खोक्यातून येतो आणि खोकं काही बोलत नाही. म्हणून या महिन्यात केक घरीच करू या. तोही साधा नाही, चार थरांचा, वरून डार्क चॉकलेट आणि आत स्ट्रॉबेरी. करता करता वरच्या प्रश्नांची उत्तरंही मिळतील.

हा केक आत्ता निवडायचं आणखी एक कारण आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो. २०२६ ते २०३१ या वर्षांत रमजान ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मागे येत येत जानेवारीच्या अखेरीला पोहोचते. म्हणजे ही सगळी वर्षं ईद महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या हंगामात आहे. काही वर्षांनी ती हंगामाच्या बाहेर जाईल, तेव्हा ही संधी घेऊन टाकावी.

बेरी कुठली घ्यावी?

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली तांबडी माती, थंड रात्री आणि कोरडा हिवाळा या फळाला मानवतो. पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं भिलार हेही मुळात स्ट्रॉबेरीचंच गाव. फळ साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बाजारात असतं. केकसाठी फार मोठी, टपोरी फळं शोधू नका. मध्यम आकाराची, देठापर्यंत लाल झालेली आणि नाकाजवळ नेली की वास येणारी घ्या. देठाजवळ पांढरी असलेली स्ट्रॉबेरी घरी ठेवून गोड होत नाही. हे फळ तोडल्यानंतर आंब्यासारखं पिकत नाही.

परदेशी कृतींत ब्लूबेरी, रास्पबेरी, ब्लॅकबेरी लिहिलेल्या असतात. त्या शहरातल्या मोठ्या दुकानांत मिळतात, पण महाग असतात. त्यांच्यावाचून काही अडत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तुती येते, एप्रिल-मेमध्ये डोंगरची काळी मैना म्हणजे करवंदं येतात आणि पावसाच्या तोंडावर जांभळं. डार्क चॉकलेटचा कडवटपणा आणि या फळांचा आंबट-तुरटपणा यांचं छान जमतं. तुतीचे देठ कात्रीने कापून घ्यावेत. करवंदं पूर्ण काळी झालेलीच घ्यावीत, कच्च्यात चीक असतो. अर्धी करून बिया काढाव्यात आणि साखर थोडी वाढवावी. जांभळाचा गर काढून शिजवला तर केकच्या आत असा जांभळा थर दिसतो की पाहुणे रंग कुठला घातला ते विचारतात.

सामान घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढची बाजू कंपनीची, मागची बाजू आपली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचायची सवय घरातल्या मुलींना आणि मुलांनाही लावा.

पहिली गोष्ट खुणेची. आपल्या देशात पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर पदार्थ शाकाहारी आहे. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर त्यात प्राण्यापासून मिळालेला घटक आहे. आता दोन बारकावे लक्षात घ्या. तपकिरी खूण नुसत्या अंड्यामुळेही लागते, म्हणून ती दिसली की पदार्थ हराम असं समजू नये. आत काय आहे ते वाचावं. आणि हिरवा ठिपका प्राण्यांच्या घटकांविषयी बोलतो, अल्कोहोलविषयी नाही. दारू वनस्पतीपासूनच होते. तेव्हा हिरवा ठिपका बघून जिलेटिनची चिंता सोडायला हरकत नाही, इसेन्सची मात्र वेगळी चौकशी करावी.

जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. मूस, जेलीचा थर, मार्शमेलो आणि केकवरच्या काही चकचकीत लेपांत ते असतं. आपल्या केकात त्याची गरजच नाही. जेलीसारखा थर हवाच असेल तर रमजानमध्ये आपण सगळ्याच वापरतो तो चायना ग्रास आहे. तो समुद्री शेवाळापासून होतो.

घटकांच्या यादीत आकडे असतात. त्यांतले चार लक्षात ठेवा. १२० म्हणजे कारमाइन, किड्यापासून काढलेला लाल रंग. लाल-गुलाबी सजावटीच्या सामानात तो सापडतो. ४७१ हे स्निग्ध पदार्थापासून केलेलं द्रव्य वनस्पतीचंही असतं आणि प्राण्याचंही, इथे हिरवा ठिपका उपयोगी पडतो. ३२२ म्हणजे लेसिथिन, चॉकलेटमध्ये ते बहुधा सोयाबीनचं असतं. ४७६ एरंडेल तेलातल्या आम्लांपासून करतात. शेवटच्या दोघांना घाबरायचं कारण नाही.

व्हॅनिलाचं असं आहे की शेंगांपासून काढलेला खरा अर्क अल्कोहोलमध्येच मुरवतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तर त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. आपल्याकडच्या दुकानात मिळणारं स्वस्त इसेन्स बहुतेकदा कृत्रिम असतं आणि ते प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळवलेलं असतं, पण सगळ्याच कंपन्यांचं तसं नसतं. बाटलीवर वाचा. भट्टीत भाजल्यावर उरणाऱ्या अंशाबद्दल उलमांची मतं एकसारखी नाहीत. ज्या भगिनींना त्यात खोलात जायचं असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. हा स्तंभ स्वयंपाकघराचा आहे, फतव्याचा नाही. स्वयंपाकघराचं उत्तर सोपं आहे. व्हॅनिला पावडर मिळते, ती वापरा. तीही नसेल तर या केकात चिमूटभर वेलची किंवा संत्र्याची किसलेली साल घाला. चॉकलेटच्या केकात व्हॅनिला नसल्याचं कुणाला कळतही नाही.

ज्या केकवरून आपल्याकडे सर्वांत जास्त विचारणा होते, तो ब्लॅक फॉरेस्ट. मूळ जर्मन कृतीत किर्श नावाची चेरीची दारू शिंपडतात. आपल्याकडच्या बऱ्याच बेकऱ्यांत तिच्या जागी साखरेचा पाक असतो, काही ठिकाणी नाताळच्या दिवसांत रम वापरतात. म्हणजे विचारल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा विचारावं. काउंटरवर सरळ आणि सौजन्याने विचारलं तर सांगणारे सांगतात. न विचारता संशय घेणं आणि तो गल्लीभर पसरवणं मात्र बरोबर नाही. तो कुणाच्या तरी रोजीरोटीचा प्रश्न असतो.

साहित्य

७ इंची दोन गोल भांड्यांसाठी. तयार केक सुमारे दोन किलोचा होतो, १६ जणांना पुरतो. चमचा म्हणजे मोजमापाचा ५ मिलिचा सपाट चमचा, मोठा चमचा १५ मिलिचा.

स्पंजसाठी : मैदा १६० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, खायचा सोडा १ चमचा, बेकिंग पावडर १ चमचा, मीठ अर्धा चमचा, अंडी २, ताजं दही १२० ग्रॅम, दूध ६० मिलि, वास नसलेलं तेल १०० मिलि, कडक गरम कॉफी १५० मिलि.

आतल्या सारणासाठी : स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, लिंबाचा रस १ मोठा चमचा, कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा.

गनाशसाठी म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या लेपासाठी : डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम, फ्रेश क्रीम २५० ग्रॅम.

शिंपडण्यासाठी : डाळिंबाचा रस १०० मिलि, साखर २ मोठे चमचे.

चॉकलेट घेताना एक पाहा. दुकानात ‘कंपाउंड’ नावाची मोठी वडी मिळते, ती स्वस्त पडते. तिच्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी घातलेली असते. ती जिभेवर मेणासारखी रेंगाळते. खरं कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं खालीच वितळतं, म्हणून खरं चॉकलेट तोंडात विरतं. या केकची सगळी चव चॉकलेटवर आहे. थोडाच करा, पण खरं चॉकलेट घाला. कोकोचं प्रमाण ५० ते ६० टक्के असलेलं पुरे. त्याहून कडक घेतलं तर मुलं खात नाहीत आणि गनाशही लवकर फाटतं.

स्पंज

ओव्हन किंवा ओटीजी १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापत ठेवा. भांड्यांना तेलाचा हात लावून तळाशी बटर पेपर घाला.

मैदा, कोको, सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळा. कोकोच्या गुठळ्या आत्ता मोडल्या नाहीत तर पुढे मोडत नाहीत. त्यात साखर मिसळा. दुसऱ्या भांड्यात अंडी, दही, दूध आणि तेल एकजीव होईपर्यंत फेटा. ही सगळी खोलीच्या तापमानाला आलेली असावीत. ओलं मिश्रण कोरड्यात ओता, हलक्या हाताने मिसळा. शेवटी गरम कॉफी धार धरून घाला आणि ढवळा. मिश्रण पातळ होईल, जवळजवळ आंबोळीच्या पिठासारखं. घाबरून मैदा वाढवू नका. ते तसंच हवं.

कॉफी कशाला? गरम द्रवाने कोकोचा वास आणि चव उघडते आणि कॉफीचा कडूपणा चॉकलेटला आधार देतो. केकला कॉफीची चव येत नाही. लहान मुलांसाठी करत असाल तर नुसतं उकळतं पाणी घाला. दही कशाला? खायच्या सोड्याला फुलायला आंबट काहीतरी लागतं. बाजारातली बरीचशी गडद कोको पावडर अल्कलीने प्रक्रिया केलेली असते, तिचा स्वतःचा आंबटपणा गेलेला असतो. दही असलं की कोको कुठलाही असो, सोडा आपलं काम करतो आणि केकला साबणासारखी चव येत नाही.

सोड्याचं काम पीठ ओलं झाल्या क्षणापासून सुरू होतं. म्हणून मिश्रण झालं की लगेच दोन्ही भांड्यांत सारखं वाटून भट्टीत घाला. एका वेळी एकच भांडं मावत असेल तर पीठ दोनदा, निम्मं निम्मं करा. अर्धा तास वाट बघत ठेवलेलं पीठ कमी फुगतं. ३२ ते ३८ मिनिटांत केक होतो. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडू नका. मधोमध विणकामाची सुई घालून पाहा. एखाद-दुसरा कण चिकटला तर चालेल, ओलं पीठ चिकटता कामा नये.

ओव्हन नाही म्हणून थांबू नका. ज्या घरांत वर-खाली निखारे ठेवून दम देण्याची रीत होती, त्या घरांना भट्टीचं तत्त्व शिकवावं लागत नाही. जाड बुडाचा कुकर किंवा मोठं पातेलं घ्या. कुकरची शिटी आणि रबर काढून टाका. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरून वर उभी जाळी ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग भांडं ठेवून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं ठेवा. पृष्ठभाग ओव्हनसारखा कोरडा होणार नाही, पण थर कापताना वरचा पापुद्रा आपण काढणारच आहोत.

केक भांड्यातच दहा मिनिटं निवू द्या, मग जाळीवर काढा. पूर्ण थंड झाला की कापडात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ताजा केक कापताना चुरा होतो, गार केक सुरीखाली नीट उतरतो. चाँदरातीला शीरखुर्म्याची तयारी, मेहंदी, कपड्यांची इस्त्री या सगळ्यात केक भाजायला कुणाला वेळ आहे? स्पंज दोन दिवस आधी भाजून ठेवा.

सारण, लेप आणि पाक

स्ट्रॉबेरी आधी धुवा आणि मग देठ काढा. देठ काढून धुतलं तर पाणी आत शिरतं. त्यातली ३०० ग्रॅम चिरून साखर लावून वीस मिनिटं ठेवा. सुटलेल्या रसासकट मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. लिंबू पिळा. कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून घाला आणि मिश्रण चांगलं उकळून चकाकी येईपर्यंत ढवळा. न उकळलेलं कॉर्नफ्लोअर कच्चं लागतं आणि नंतर पाणी सोडतं. गार बशीवर थेंब टाकून त्यातून बोट ओढा. रेघ मिटली नाही की झालं. पूर्ण थंड करा. उरलेली २०० ग्रॅम फळं पुसून कोरडी ठेवा, पातळ काप ऐन वेळी करा.

डाळिंबाचा रस आणि साखर एक उकळी आणून थंड करा. परदेशी कृतींत ज्या ठिकाणी दारू शिंपडायला सांगितलेली असते, तिथे हा पाक घालायचा. त्या दारूचं काम दोन गोष्टींचं असतं, केक ओलसर ठेवणं आणि गोडाला थोडी धार देणं. सोलापूरकडचं डाळिंब दोन्ही कामं करतं, वर रंगही देतं.

गनाशसाठी चॉकलेट अगदी बारीक चिरा. टेट्रापॅकमधलं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं. ते फेटून फुलत नाही, पण गनाशला उत्तम. क्रीम मंद आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू नका. चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून कडेकडे गोल ढवळत जा. भांडं, चमचा सगळं कोरडं हवं. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तरी ते घट्ट, खरबरीत होतं. गनाशवर तेल सुटलेलं दिसलं तर एक-दोन चमचे कोमट दूध घालून ढवळा, ते पुन्हा जुळून येतं. झाकून दोन-तीन तास ठेवलं की लोण्यासारखं पसरण्याजोगं होतं. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत चॉकलेट ५० ग्रॅम वाढवा, पुण्या-साताऱ्याच्या थंडीत वरचं प्रमाण पुरेसं आहे.

थर लावणं

दोन्ही केकचे वरचे फुगवटे लांब सुरीने काढा आणि प्रत्येक केक आडवा मधून कापा. चार थर मिळतील. ताटावर थेंबभर गनाश लावून पहिला थर चिकटवा. त्यावर तीन-चार चमचे पाक शिंपडा. गनाशचा पातळ हात फिरवा, मग कडेने गनाशचाच बोटभर उंच बांध घाला, शेताला घालतो तसा. बांधाच्या आत सारणाचा तिसरा भाग पसरा, वर ताज्या स्ट्रॉबेरीचे थोडे काप. हा बांध नसेल तर वरच्या थरांच्या वजनाने सारण कडेने बाहेर येतं आणि चॉकलेटवर लाल ओघळ दिसतात. असेच आणखी दोन थर लावा, चौथा थर उलटा ठेवा म्हणजे वरची बाजू सपाट येते.

आता सगळीकडून गनाशचा अगदी पातळ लेप द्या आणि केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. सुटलेला चुरा या लेपात अडकतो. मग उरलेल्या गनाशचा दुसरा, जाड लेप. वर काही अख्ख्या स्ट्रॉबेरी, चिमूटभर पिस्त्याची कतरण. एवढी सजावट पुरे. सोन्याचा वर्ख, साखरेचे मणी, प्लास्टिकचे मनोरे यांच्यावर खर्च करण्यापेक्षा तेवढ्यात चॉकलेट चांगलं येतं.

कापण्याआधी पाऊण तास बाहेर काढून ठेवा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून प्रत्येक तुकडा कापा. ताज्या फळांचा केक आहे, उरलेला फ्रिजमध्येच ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

बिनअंड्याचा केक, शेजारच्या घरासाठी

ईदला आपल्या घरातून ताट शेजारी जातं. शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण शेजारच्या घरी अंडं चालत नसेल आणि आपण न सांगता केक पाठवला, तर त्या हक्काचं काय? आपल्याला खोक्यात काय आहे हे कळलं पाहिजे असं वाटतं, तसंच त्यांनाही वाटतं. तेव्हा एक तर स्पष्ट सांगा, नाही तर बिनअंड्याचा करा. दोन अंड्यांऐवजी दह्याचं प्रमाण १२० वरून २२० ग्रॅम करा आणि दूध ५० मिलि घ्या, बाकी सगळं तसंच. हा स्पंज जरा नाजूक होतो, रात्रभर गार केल्याशिवाय कापू नका. केकची भांडी आणि सुरीही स्वच्छ धुतलेली घ्या, हे त्यांना सांगण्यासारखं आहे आणि त्यांना ते आवडेल.

घरून केक विकणाऱ्या भगिनींसाठी

आपल्या अनेक मुली आता घरून केक करून विकतात. कुणाचं शिक्षण त्यावर चाललं आहे, कुणाचा संसार. या कामात बरकत आहे, आणि जबाबदारीही. फोनवरच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के हलाल’ लिहायला दोन सेकंद लागतात. पण क्रीमचं पाकीट, इसेन्सची बाटली, रंगाची डबी, वरची सजावट, यांतली प्रत्येक गोष्ट वाचल्याशिवाय ते लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या विश्वासावर सही करणं आहे. गिऱ्हाईक आपल्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतं, ती अमानत आहे. एक वही ठेवा. कुठलं सामान, कुठल्या कंपनीचं, त्यावर काय खूण, काय घटक. कंपनी बदलली की नोंद बदला. कुणी विचारलं तर वही पुढे करता आली पाहिजे.

कायद्याची बाजूही सांभाळा. घरून खाद्यपदार्थ विकायलाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. लहान व्यवसायाला साधी नोंदणी पुरते, ती ऑनलाइन होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो खोक्यावर छापा. त्याखाली घटकांची छोटी यादी द्या : मैदा, दूध, अंडं, सोया आहे की नाही. एखाद्या मुलाला अंड्याची किंवा सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असते. त्याच्या आईसाठी ती यादी सजावटीपेक्षा मोलाची आहे.

आणि किंमत लावताना स्वतःला विसरू नका. सामान, गॅस किंवा वीज, खोकं, पोहोचवण्याचा खर्च, आणि आपले तास. आदल्या संध्याकाळचं भाजणं आणि दुसऱ्या दिवशीचं थर लावणं धरलं तर या केकाला चार-पाच तासांचं हाताचं काम लागतं. ते फुकट धरलं तर धंदा दिसतो, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. नातेवाईक ‘घरचंच तर आहे’ म्हणतील. त्यांना चहासोबत एक तुकडा प्रेमाने द्या, पूर्ण केकची किंमत मात्र सांगा.

केक कापायला वाढदिवसच हवा असं नाही. काही घरांत वाढदिवस करतात, काही घरांत करत नाहीत. मुलाचा पहिला रोजा झाला, मुलीचं कुरआन पूर्ण झालं, दहावीचा निकाल लागला, बऱ्याच वर्षांनी फुफी गावाहून आली, ही सगळी निमित्तं चांगलीच आहेत. कुठल्याही निमित्ताने केला तरी एक करा : केक ठेवताना शेजारी एका चिठ्ठीवर त्यात काय काय आहे ते लिहून ठेवा. पाहुण्यांतलं एखादं सावध मूल ती वाचेल, आईकडे बघेल आणि आई मान डोलावेल. मग ते मूल बाकीच्यांसारखंच, न घाबरता ताट पुढे करेल.

पुढच्या महिन्यात उन्हाळा लागेल. तेव्हा करवंदं आणि जांभळं वापरून करायच्या दोन थंड गोड पदार्थांच्या कृती घेऊ या, इन्शाअल्लाह.